शिलकेचा जाब : गोपाळ कृष्ण गोखले



गोपाळ कृष्ण गोखले हे नाव तुम्हांला नवे नाही. महात्मा गांधींचे राजकीय गुरू आणि लोकमान्य टिळकांचे प्रतिपक्षी म्हणून ते शालेय पुस्तकांत तुम्हांला भेटलेले आहेत, आणि ‘मवाळ’ या एका विशेषणात त्यांची बोळवणही तुम्ही पाहिलेली आहे. प्रस्तुत पाठात त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा विचार नाही. त्यांच्या आयुष्यातील एकच धागा आपण हाती धरणार आहोत. सरकारने वर्षारंभी जो जमाखर्च योजला, तो वर्षअखेरीस तसाच उतरला का, आणि उतरला नसेल तर मधल्या फरकाचा पैसा कोणाचा, हा प्रश्न गोखल्यांनी हिंदुस्थान सरकारला वर्षानुवर्षे विचारला. प्रश्न विचारण्याची मुभा त्यांना होती, उत्तर न पटल्यास एक पैही कमीजास्त करण्याचा अधिकार मात्र नव्हता. अशा स्थितीत केवळ आकड्यांच्या बळावर काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेण्यासाठी या चरित्राइतके चांगले उदाहरण मराठी मुलखात दुसरे नाही, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगतो. गोखल्यांची ही भाषणे इंग्रजीत आहेत. त्यांचे उतारे भाषांतरित करून देण्यापेक्षा त्यांतील युक्तिवादाची बांधणी सांगणे मी पसंत केले आहे.

पंधरातले आठ रुपये

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूर राज्यातील कागल जहागिरीत नोकरीस होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळचे वय तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले, दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवण्यास सुरुवात केली. उरलेल्या सात रुपयांत मागचे सारे कुटुंब.

आठ रुपयांत महिना काढणाऱ्या मुलाला हिशेब शिकवावा लागत नाही. त्या काळातील एक हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. एका सोबत्याने त्यांना नाटकाला नेले आणि नंतर तिकिटाचे पैसे मागितले. ते पाहुणचार समजून गेले होते. पैसे तर द्यायलाच हवेत, आणि महिन्याच्या बेतात त्यांची तरतूद नाही. तेव्हा दिव्याच्या तेलाचा खर्च वाचवून, रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास करून त्यांनी ती रक्कम फेडली. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून ही पुस्तिका वाचत आहात. एका खात्यावर अनपेक्षित बोजा पडला की तो दुसऱ्या खात्यातून निघतो, आणि ते दुसरे खाते बहुधा आपल्या दिव्याच्या तेलाचेच असते, हे तुम्हांला मी समजावून सांगण्याची गरज नाही.

१८८१ मध्ये मॅट्रिक झाल्यावर कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशा तीन कॉलेजांतून शिकत १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी प्रसंगानुसार इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे वेगवेगळे विषय शिकवले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक दीर्घकाळ शाळांतून चालू होते. या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख चरित्रकार बहुधा एका ओळीत आटोपतात. मला ती महत्त्वाची वाटते. ज्या माणसाने त्रैराशिक आणि व्याज यांची उदाहरणे मुलांसाठी पायरीपायरीने मांडली, त्यानेच पुढे साम्राज्याचा जमाखर्च त्याच पद्धतीने मांडून दाखवला.

दोन गुरू

अर्थशास्त्रातील त्यांची खरी शाळा कॉलेजच्या बाहेर होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात ते आले आणि १८८७ पासून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल, निळ्या पुठ्ठ्यांतील संसदीय कागद, जिल्हावार तक्ते वाचावेत, त्यांवरून टिपण करावे, आणि ते रानड्यांपुढे ठेवले की पुन्हा लिहिण्यासाठी परत यावे, असा हा अभ्यासक्रम होता. रानड्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. दुसऱ्या गुरूंचे नाव मात्र आज फारसे कोणाच्या कानावर नसते. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. सोलापुरात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे आकडे त्यांच्याइतके कोणाला अवगत नव्हते, असे त्या पिढीतील जाणकार मानत. सरकारी नोकरीमुळे व्यासपीठावर उभे राहणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी जमवलेली सामग्री गोखल्यांच्या मुखाने जगापुढे आली, आणि अर्थसंकल्पावर बोलण्याआधी जोशींचा सल्ला घेण्याचा परिपाठ गोखल्यांनी पुढेही ठेवला. सोलापूरच्या मुख्याध्यापकाचे तक्ते कलकत्त्यास व्हाइसरॉयपुढे वाचले जात होते, ही गोष्ट सोलापूरकरांनीही विसरावी याचे मला नवल वाटते.

या शिक्षणाची पहिली कसोटी १८९७ मध्ये लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता, आणि दादाभाई नौरोजी त्याचे एक सभासद होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि गोखले हे साक्षीसाठी इंग्लंडला गेले. या चौघांत गोखले सर्वांत लहान, वय वर्षे तीस. जाताना कॅले येथे झालेल्या अपघातात छातीस इजा झाली होती, तरी एप्रिलच्या १२ आणि १३ तारखांना त्यांनी साक्ष दिली आणि उलटतपासणीला तोंड दिले.

त्या साक्षीचा गाभा आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. इंग्लंडात सरकारला खर्चाची प्रत्येक बाब संसदेकडून मंजूर करून घ्यावी लागे. १८६६ च्या कायद्याने तेथे स्वतंत्र महालेखापरीक्षक नेमला गेला होता, आणि मंजुरीप्रमाणे पैसा खर्च झाला की नाही हे पाहण्यासाठी १८६१ पासून संसदेची लोकलेखा समिती होती. म्हणजे संकल्पाच्या वेळी एक पहारा आणि सिद्धीच्या वेळी दुसरा. हिंदुस्थानात यांपैकी काहीच नव्हते. खर्च ठरवणारे, करणारे आणि तपासणारे एकाच यंत्रणेचे अधिकारी. कर भरणाऱ्याचा प्रतिनिधी कोणत्याच टप्प्यावर नाही. गोखल्यांची सूचना अशी होती की, हिंदुस्थानचा अर्थसंकल्प व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बाबवार मंजुरीस यावा. सरकारी बहुमत हवे तर राहू द्यावे, पण अल्पमतातील बिनसरकारी सभासदांना आपला आक्षेप ब्रिटिश संसदेच्या एखाद्या नियंत्रण समितीपुढे नेता यावा. मागणी किती सौम्य होती ते पाहा. निर्णय सरकारचाच, फक्त तो कोठेतरी तपासला जावा. आयोगाचा अहवाल १९०० मध्ये आला, पण ही मागणी मान्य झाली नाही.

याच प्रवासात गोखल्यांवर एक मोठा आघात झाला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे पुण्याच्या मित्रांकडून त्यांना आली. त्यांवर विसंबून त्यांनी ती गोष्ट इंग्लंडात जाहीरपणे सांगितली. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर पाहतात तो पत्रे लिहिणाऱ्यांची नावे पुढे करता येत नाहीत, आणि पुरावाही उभा राहत नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी संपूर्ण आणि जाहीर माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना खोटे ठरवले आणि स्वकीयांनी भित्रे. माफी मागायला हवी होती की नको, यावर आजही मतभेद आहेत. माझ्या मते माफीचे शब्द गरजेहून अधिक नमते होते. पण त्या प्रसंगानंतरच्या गोखल्यांचे वाचन केले की जाणवते, सरकारविरुद्ध उच्चारलेले त्यांचे जवळपास प्रत्येक विधान सरकारच्याच छापील कागदावर टेकलेले असते. ज्याचा पुरावा प्रतिपक्षाच्या कपाटात आहे तेवढेच बोलायचे, ही शिस्त त्यांनी या जखमेतून घेतली असावी.

संकल्प आणि सिद्धी

पुढे जाण्यापूर्वी काही शब्द नीट समजून घेऊ. मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे हा मोह मला आवरत नाही. ‘जमा’, ‘खर्च’, ‘वसूल’, ‘अंदाज’ हे आपल्या हिशेबाचे शब्द अरबी-फारसीतून दप्तरांच्या वाटेने मराठीत आले. ‘तूट’ मात्र आपल्या ‘तुटणे’ या क्रियापदाची. इंग्रजीतील ‘बजेट’ मूळ फ्रेंच, अर्थ चामड्याची लहान पिशवी. मराठीत त्यासाठी दोन शब्द रुळले. ‘अंदाजपत्रक’ हा प्रामाणिक शब्द आहे, कारण त्यात अदमास आहे हे तो लपवत नाही. ‘अर्थसंकल्प’ हा शब्द धर्मकृत्यातून आला. पूजेपूर्वी हातात पाणी घेऊन यजमान काय करणार ते सांगतो, तो संकल्प. पण संकल्प सोडला म्हणजे पूजा झाली असे होत नाही.

सरकारचा जमाखर्च वाचताना हाच भेद तीन रकान्यांत दिसतो. वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. मार्च १९०२ मध्ये सरकारने मांडलेल्या विवरणात १९००-०१ या सरलेल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे होते, १९०१-०२ या सरत आलेल्या वर्षाचे सुधारित अंदाज होते आणि १९०२-०३ या येणाऱ्या वर्षाचे अंदाज होते. सामान्य वाचक शेवटचा रकाना पाहतो, कारण नवे कर त्यात असतात. जाणता वाचक मागच्या वर्षाचे अंदाजपत्रक शेजारी उघडून ठेवतो आणि तेव्हा काय म्हटले होते व आता काय झाले, हे ओळीओळीने ताडून पाहतो. आजही केंद्राच्या आणि राज्याच्या अर्थसंकल्पात हे रकाने असतात. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने वित्तीय तूट देशाच्या उत्पादनाच्या ३ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट घातले आणि ते गाठण्याची मुदत पुढे अनेकदा लांबवली गेली. हे आपल्याला कळते तेही या रकान्यांच्या तुलनेतूनच.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडणे हा गुन्हा नव्हे. पाऊस कोणाला विचारून पडत नाही. प्रश्न उद्भवतो तो फरक वर्षामागून वर्षे एकाच दिशेला पडू लागतो तेव्हा. जमा नेहमी हात राखून दाखवली तर मार्चमध्ये कर कमी करण्याचा विषयच निघत नाही. वर्षअखेरीस शिल्लक उरते, आणि तोवर ती लष्कराला, रेल्वेला किंवा कर्जफेडीला गेलेली असते. तिच्याविषयी कोणालाही विचारलेले नसते.

२६ मार्च १९०२

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. पुढे फिरोजशहा मेहता यांच्या जागी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर त्यांची निवड झाली. रानडे जानेवारी १९०१ मध्ये निवर्तले होते. आपल्या शिष्याचे कलकत्त्याचे पहिले भाषण त्यांना ऐकायला मिळाले नाही.

१८९२ च्या कायद्याने या मंडळात वर्षातून एकदा अर्थसंकल्पावर चर्चा करण्याची मुभा दिली होती. सभासदांनी आपापली भाषणे करावीत, अर्थखात्याच्या सभासदाने उत्तर द्यावे, व्हाइसरॉयने समारोप करावा, आणि सभा उठावी. ठराव नाही, दुरुस्ती नाही, मतदान नाही. साहजिकच बहुतेक भाषणे अभिनंदनाची असत. त्या वर्षी तर अभिनंदनाला मोठेच निमित्त होते. अर्थखाते सर एडवर्ड लॉ यांच्याकडे होते, आणि सुधारित अंदाजात सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. हिंदुस्थानच्या जमाखर्चात एवढी शिल्लक पूर्वी कधी पडली नव्हती.

पस्तीस वर्षांच्या गोखल्यांनी आरंभीच स्पष्ट केले की या अभिनंदनात त्यांना सामील होता येत नाही. मागची पाच-सहा वर्षे कशी गेली होती ते आठवा. १८९६-९७ चा दुष्काळ, प्लेग, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा तो ‘छप्पन्नचा’ दुष्काळ. गावे ओस पडत असताना तिजोरी भरत होती. गोखल्यांच्या मते ही भरभराटीची खूण नव्हती. लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी संबंधच उरला नसल्याची ती खूण होती.

मग ही शिल्लक आली कोठून? येथे अंकगणिताचा शिक्षक पुढे येतो. पेन्शने, व्याज, लष्करी सामान इत्यादींसाठी हिंदुस्थानला दरवर्षी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम विलायतेत द्यावी लागे. याला होम चार्जेस म्हणत. वसुली रुपयांत आणि देणे पौंडांत. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाचा भाव घसरून १८९० नंतरच्या काही वर्षांत सुमारे १३ पेन्सांवर आला. ते नुकसान भरून काढण्यासाठी कर वाढवले गेले होते. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी खुल्या चांदीला बंद केल्या, रुपया कृत्रिमरीत्या दुर्मिळ झाला आणि भाव १६ पेन्सांवर स्थिरावला.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि पुढचा हिशेब स्वतः करून पाहा. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. रुपया १३ पेन्सांचा असताना एका पौंडासाठी साडेअठरा रुपयांच्या जवळपास लागत. १६ पेन्सांचा झाल्यावर पंधरा रुपये पुरतात. प्रत्येक पौंडामागे सुमारे साडेतीन रुपये वाचले. हा आकडा दीड कोटीने गुणा. ढोबळ मानाने सव्वापाच कोटी येतात. म्हणजे सात कोटींच्या शिलकेतील मोठा भाग एवढ्या एका कारणाने समजतो. ज्या संकटासाठी कर बसवला ते संकट टळले, आणि कर मात्र जागेवरच राहिला. शेतकऱ्याची बाजू आणखी अवघड. रुपया महाग झाला की त्याच सरकारी साऱ्यासाठी त्याला अधिक धान्य विकावे लागते. अशी शिल्लक काढणे हा एक अन्याय, आणि ती लोकांना परत न देणे हा दुसरा, अशी गोखल्यांची मांडणी होती.

ते केवळ तक्रार करून थांबले नाहीत. १८८६ चा प्राप्तिकर, १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झालेला मिठाचा कर, कापडावरील उत्पादन शुल्क, अशी सोळा वर्षांत वाढलेल्या करांची जंत्रीच त्यांनी मांडली. मग नेमक्या मागण्या केल्या. मिठाचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरवावा, प्राप्तिकरातील सूट वार्षिक पाचशे रुपयांऐवजी हजार रुपयांपर्यंत द्यावी, कापडावरील शुल्क काढावे. मिठाविषयी त्यांचा आधार सरकारच्याच खपाच्या आकड्यांचा होता. कर वाढला तसा माणशी मिठाचा खप घटला होता. गरीब माणूस मीठसुद्धा कमी खाऊ लागतो, तेव्हा त्याने आणखी काय काय सोडले असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. मागण्यांवर मतदान झाले नाही, होणे शक्यच नव्हते. पुढच्या वर्षी, मार्च १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूट हजारापर्यंत वाढली. १९०५ मध्ये मीठ दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. कापडावरील शुल्काला मँचेस्टरचा हितसंबंध चिकटलेला होता, ते १९२६ पर्यंत गेले नाही.

याचे सारे श्रेय गोखल्यांना देण्याचा मोह टाळावा. कर्झन यांना दिल्ली दरबारच्या निमित्ताने करमाफी जाहीर करण्याची स्वतःचीच हौस होती, आणि विलायतेतून त्यास विरोध झाला होता. पण कोणते कर, किती, कोणत्या क्रमाने, याचा आराखडा कायदेमंडळात छापील स्वरूपात आधीच पडलेला होता, एवढे निश्चित. गोखल्यांनी पाठपुरावाही सोडला नाही. कर उतरल्यावर मिठाचा खप कसा वाढला, हे आकडे ते पुढच्या भाषणांत आवर्जून मांडत राहिले.

मार्चचा माणूस

१९०२ मध्येच त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. त्यानंतर दर वसंतात कलकत्त्याला जाऊन अर्थसंकल्पावर बोलणे हे त्यांचे व्रतच झाले. तक्रारीचे मुद्दे साधारण तेच राहिले, आकडे दरवर्षी नवे. लॉर्ड किचनेर यांच्या योजनेत वाढलेला लष्करी खर्च हा एक मुद्दा. रेल्वेबांधणी हा दुसरा. रेल्वे कर्ज काढूनही बांधता येते, मग वर्षाच्या उत्पन्नातून उरलेली शिल्लक तिकडे का वळवता, ती शाळांना आणि गावांच्या आरोग्याला का देत नाही, असे ते विचारत. सरकारचे उत्तर बहुधा सौजन्याचे असे. खर्चाचा ओघ मात्र जुन्याच वाटेने जाई.

याच काळात १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, आणि त्याच वर्षअखेर बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले. वंगभंगाने देश पेटलेला होता. तक्त्यांची भाषा तेव्हा अनेकांना दुबळी वाटू लागली. टिळकांच्या अनुयायांचा आक्षेप असा की, ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आहे त्याला त्याच्याच वहीतल्या चुका दाखवून किल्ली मिळत नाही. आक्षेप खरा होता. पण वही कोणी वाचलीच नसती, तर किल्ली मिळाल्यावर काय मोजायचे हे कोणाला कळले असते, हेही विचारायला हवे.

१९०९ च्या सुधारणांनी मंडळात ठराव मांडण्याचा आणि त्यावर मत घेण्याचा हक्क दिला. तो सरकारवर बंधनकारक मात्र नव्हता. गोखल्यांनी या अपुऱ्या हक्काचा भरपूर उपयोग केला. जानेवारी १९११ मध्ये वाढत्या सार्वजनिक खर्चाच्या चौकशीसाठी ठराव मांडला. त्याच मार्चमध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासंबंधी विधेयक आणले, आणि त्याचा खर्च किती येईल, त्यातला वाटा स्थानिक संस्थांनी किती व सरकारने किती उचलावा, याचा हिशेबही बरोबर दिला. शिलकेविषयी दहा वर्षे बोलल्यानंतर ती कशासाठी हवी होती याचे हे उत्तर होते. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्याच वर्षअखेर ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींकडे जाऊन आले. शिवाय सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या इस्लिंग्टन आयोगाचे काम अंगावर होते, आणि मधुमेहाने शरीर पोखरले होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. टिळक सिंहगडावरून खाली आले आणि जन्मभराच्या या प्रतिपक्ष्याच्या चितेपाशी त्यांच्याविषयी आदराने बोलले. नव्या वर्षाचा अर्थसंकल्प दिल्लीत मांडला जायला तेव्हा अवघे काही दिवस उरले होते.

वेल्बी आयोगापुढे ज्या उणिवेकडे बोट दाखवले होते ती केंद्रीय लोकलेखा समिती १९२१ मध्ये अस्तित्वात आली. मिठाचा कर १९१६ मध्ये सव्वा रुपयावर चढला. १९२३ मध्ये सरकारने तो पुन्हा अडीच रुपयांवर, म्हणजे १८८८ च्या दरावर, नेण्याचा प्रस्ताव आणला. या वेळी सभागृहात मतदान झाले आणि लोकांच्या प्रतिनिधींनी तो फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात तो लागू केला. पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, दर परत सव्वा रुपयावर आला.